वज्रमुष्टी आणि मुष्टियुद्ध : जुन्या व नव्या कसबाची तुलना

म्हैसूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, केरळच्या सीमेला लागून, एच. डी. कोटे नावाचा तालुका आहे. हेग्गडदेवनकोटे हे त्याचे पूर्ण नाव. काबिनी नदीवरचे धरण, नागरहोळेचे अरण्य आणि रानहत्ती ही या तालुक्याची ओळख. येथल्या काकनकोटेच्या रानात एकेकाळी खेड्डा पद्धतीने हत्ती पकडले जात. १९६८ मध्ये असाच पकडलेला अर्जुन नावाचा हत्ती पुढे याच तालुक्यातील बळ्ळे येथील तळावर राहिला आणि २०१२ पासून २०१९ पर्यंत सलग आठ वर्षे त्याने म्हैसूरच्या दसऱ्यात सुमारे ७५० किलो वजनाची सुवर्णअंबारी पाठीवर वाहिली. २०२३ च्या डिसेंबरात, हासन जिल्ह्यात एका रानहत्तीशी झालेल्या झुंजीत तो मरण पावला, तेव्हा साऱ्या कर्नाटकाने हळहळ व्यक्त केली.

दसऱ्याची मिरवणूक म्हटली की हा अंबारीचा हत्तीच सर्वांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु विजयादशमीच्या दिवशी ती मिरवणूक निघण्यापूर्वी राजवाड्याच्या आतील चौकात आणखी एक विधी पार पडतो. त्याची वार्ता बाहेरच्या गर्दीपर्यंत क्वचितच पोहोचते. लाल मातीच्या लहानशा आखाड्यात, राजघराण्याच्या प्रमुखासमोर, मल्लांच्या दोन जोड्या उतरतात. डोकी तुळतुळीत भादरलेली, शेंडीपुरते केस राखलेले, कमरेला घट्ट काच मारलेला आणि उजव्या मुठीत शिंगाचे वा हस्तिदंताचे, बोटांच्या पेरांवर बसणारे दातेरी आयुध. हेच वज्रनख, आणि या झुंजीला म्हणतात वज्रमुष्टी काळग. झुंज बहुधा मिनिटाच्या आत संपते. कोणाही एकाच्या डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसला की पंच हात उंचावतात आणि दोघांना वेगळे करतात. तो थेंब भूमीवर पडला की विधी पूर्ण झाला, आणि मग जंबूसवारीची तयारी सुरू होते.

मुष्टियुद्ध हा खेळ इंग्रजांबरोबर या देशात आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हातमोजे घालून दोरखंडांच्या चौकटीत खेळल्या जाणाऱ्या खेळापुरती ती खरीही आहे. परंतु मूठ वळून लढण्याची विद्या येथे फार जुनी आहे, आणि तिचे एक जिवंत रूप म्हैसुरात अजून वर्षातून एकदा पाहावयास मिळते. जुन्या आणि नव्या या दोन कसबांची तुलना केली असता श्रेष्ठ कोण, या नेहमीच्या वादाहून अधिक मोलाची एक गोष्ट हाती लागते.

जेठी आणि जगजेठी

वज्रमुष्टी लढणाऱ्या मल्लांना कन्नडमध्ये ‘जेट्टी’ म्हणतात. म्हैसूर, बेंगळुरू, चामराजनगर आणि चन्नपट्टण येथील जेट्टी घराण्यांतून दसऱ्यासाठी मल्ल निवडले जातात. मराठी वाचकाला हा शब्द परका नाही. जुन्या मराठीत ‘जेठी’ म्हणजे मल्ल, आणि वारकरी संतांनी विठ्ठलाला ‘जगजेठी’ म्हणून हाक मारली ती याच शब्दाच्या आधाराने. ज्येष्ठ आणि मल्ल हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात एकवटले आहेत.

जेठींची मूळ परंपरा गुजरातेतील मोढेराची. ज्येष्ठीमल्ल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ब्राह्मण समाजाचा ‘मल्लपुराण’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. साक्षात श्रीकृष्णाने आपल्या पूर्वजाला मल्लविद्या दिली, अशी त्यांची श्रद्धा असून निंबजा ही त्यांची कुलदेवता होय. राजाश्रय जिकडे मिळेल तिकडे ही घराणी गेली, आणि दक्षिणेत स्थिरावल्यावर तेथलीच झाली.

दक्षिणेतही मल्लविद्येला शास्त्राचे अधिष्ठान होते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेला ‘मानसोल्लास’ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे, कारण आरंभीच्या मराठीचे काही नमुने त्यात सापडतात. त्याच ग्रंथातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांची वयावरून व बळावरून केलेली प्रतवारी, त्यांचा आहार आणि त्यांचे व्यायाम यांची माहिती आहे. वजन उचलणे, पहाटे चालणे, पाण्यातील श्रम, बाहूंची रेटारेटी आणि खांबावरील कसरत असे व्यायामाचे प्रकार त्यात येतात. आजचा प्रशिक्षक ज्याला ताकद, दम आणि चपळाई यांची स्वतंत्र तयारी म्हणेल, तिचा आराखडा सुमारे ९०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला होता.

विजयनगरच्या महानवमी उत्सवातही मल्लांच्या झुंजी होत. १५३५ च्या सुमारास तेथे आलेल्या फर्नाव नुनिश या पोर्तुगीज व्यापाऱ्याने हातांत टोकदार कडी घेऊन एकमेकांना घायाळ करणाऱ्या मल्लांची नोंद केली आहे. विजयनगर लयाला गेल्यावर १६१० मध्ये राजा वोडेयर यांनी श्रीरंगपट्टणात नवरात्रोत्सव सुरू केला, आणि उत्सवाबरोबर मल्लही म्हैसूरच्या आश्रयाला आले. पुढे १६३८ ते १६५९ या काळात राज्य केलेल्या रणधीर कंठीरव नरसराज वोडेयर यांच्याविषयी तर अशी कथा सांगतात की, त्यांनी वेषांतर करून तिरुचिरापल्ली गाठली आणि तेथील अजिंक्य मल्लाला धूळ चारली. टिपू सुलतानाच्या कैदेत वर्षानुवर्षे राहिलेला जेम्स स्करी हा इंग्रज पुढे सुटून मायदेशी गेला. त्याच्या आठवणींतही तेल चोपडलेली शरीरे, भादरलेली डोकी आणि मुठीवर पोलादी नख्या असलेल्या जेट्टींच्या झुंजी येतात. प्रत्येक तालमीचा वस्ताद आपल्या शिष्यांच्या अग्रभागी चालत येई आणि एका तालमीची जोड दुसऱ्या तालमीशी लावली जाई, असे तो सांगतो.

बडोद्याची आठवण

या कलेचा दुसरा मोठा आश्रयदाता मराठी होता, हे अनेकांस ठाऊक नसते. बडोद्याच्या गायकवाडांच्या दरबारी जेठींची ‘नखीची कुस्ती’ प्रसिद्ध होती. खंडेराव महाराज गायकवाड यांची कारकीर्द १८५६ ते १८७० अशी. त्या काळात लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी बडोद्यास आला आणि त्याने ही झुंज प्रत्यक्ष पाहिली. पूर्वी पोलादाच्या नख्या असत, त्यांच्या जागी आता शिंगाच्या आल्या आहेत, असे तो लिहितो. परंतु त्याने पाहिलेली झुंज रक्ताच्या पहिल्या थेंबाला थांबली नाही. नशापाणी करून गात गात एकमेकांवर तुटून पडणारे मल्ल, रक्ताने माखलेला आखाडा, कधी कधी मरणोन्मुख अवस्थेत उचलून नेला जाणारा पराभूत, आणि कपाळाची कातडी लोंबत असताना महाराजांपुढे लोटांगण घालून मोत्यांची माळ स्वीकारणारा विजेता, असे भीषण चित्र त्याने रेखाटले आहे. प्रेक्षक म्हणून बसलेले महाराज स्वतः हातवारे करीत त्या डावांची नक्कल करीत होते, हेही तो नमूद करतो.

म्हैसूरची झुंज आणि बडोद्याची झुंज यांचे आयुध एकाच जातीचे, मल्लांचे घराणेही एकाच मुळाचे. फरक होता तो झुंज कोठे थांबवावयाची याचा. बडोद्यात पाहणाऱ्याचे मन भरेपर्यंत लढत चाले, म्हैसुरात रक्ताचा एक थेंब पुरेसा मानला जाई. जुन्या कलेचा गौरव करताना हा फरक डोळ्यांआड होता कामा नये. जुने ते सारे सोने नव्हते.

बडोद्याने आणखी एक काम मात्र मोलाचे केले. तेथील जुम्मादादा व्यायाममंदिर आणि राजरत्न माणिकराव यांच्या परिसरात देशी व्यायामप्रकारांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला. दत्तात्रेय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोश’ खंडशः सिद्ध केला आणि १९५० मध्ये त्याचे सार इंग्रजीतही आणले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, बनेटी यांच्याबरोबर वज्रमुष्टीचीही माहिती तेथे नोंदली गेली. नखीची कुस्ती बडोद्यात आज उरलेली नाही, पण तिची ओळख पुस्तकाच्या पानांवर शिल्लक आहे.

उघडी मूठ आणि हातमोजे

याच सुमारास इंग्लंडात मुष्टियुद्धाचे रूप पालटत होते. अठराव्या शतकात तेथे उघड्या मुठीने लढती होत. १७४३ मध्ये जॅक ब्रॉटन या नामांकित मुष्टियोद्ध्याने पहिली नियमावली केली. खाली पडलेल्यावर घाव घालू नये, कमरेखाली धरू नये, पडल्यावर उठण्यासाठी अर्धा मिनिट मिळावा, असे तिचे स्वरूप होते. सरावासाठी मऊ भरलेले हातमोजे वापरण्याची कल्पनाही त्याचीच. १८३८ मध्ये या नियमांचा विस्तार झाला, तरी प्रतिस्पर्ध्याला कवेत घेऊन आपटण्यास मुभा होतीच. फेरीला कालमर्यादा नव्हती, एकजण खाली पडला की फेरी संपे. १८८९ मध्ये अमेरिकेत जॉन सलिव्हन आणि जेक किलरेन यांच्यात झालेली उघड्या मुठीची अखेरची मोठी लढत ७५ फेऱ्या आणि दोन तासांहून अधिक काळ चालली.

१८६७ मध्ये जॉन ग्रॅहम चेंबर्स यांनी लिहिलेली आणि क्वीन्सबेरीच्या उमरावाच्या नावाने प्रसिद्ध झालेली नियमावली आली. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, हातमोज्यांची सक्ती, धरपकडीला बंदी आणि पडल्यावर दहा अंकांची मुदत ही तिची मुख्य कलमे. १८९२ मध्ये जेम्स कॉर्बेटने याच नियमांखाली सलिव्हनला एकविसाव्या फेरीत हरविले. सलिव्हन ताकदीचा, तर कॉर्बेट पदन्यासाचा आणि हुलकावणीचा. हा निकाल म्हणजे जुन्या पद्धतीवर नव्या पद्धतीने केलेली मात, असे पुढे मानले गेले.

दोन कसबांतील भेद

जुन्या मुष्टियोद्ध्यांची छायाचित्रे आज पाहिली की हसू येते. शरीर मागे झुकलेले, हात कमरेच्या वर पण चेहऱ्यापासून दूर पुढे ताणलेले, मुठी उभ्या. आजच्या कोणत्याही शिकाऊ खेळाडूचे हात याहून चांगले असतात, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु त्या उभे राहण्यामागे तर्क होता. उघड्या मुठीने कवटीवर जोराचा घाव घातला तर घालणाऱ्याचीच हाडे मोडतात. म्हणून चेहऱ्यावर घाव जपून व सरळ रेषेत घातला जाई, आणि बरगड्या व पोट ही महत्त्वाची लक्ष्ये ठरत. समोरचा माणूस कवेत घेऊन आपटू शकत असे, म्हणून अंतर राखावे लागे. लढत दीर्घकाळ चालणार असे, म्हणून दम जपून वापरावा लागे.

हातमोजे आले आणि हे सारे गणित बदलले. घालणाऱ्याचा हात सुरक्षित झाल्याने डोके हे मुख्य लक्ष्य बनले. त्यावर उपाय म्हणून दोन्ही हात गालांपर्यंत वर आले, हनुवटी खांद्यामागे लपली, कमरेतून वाकून घाव चुकविण्याची कला विकसित झाली. धरपकड बंद झाल्यामुळे जवळ जाऊन आडवे आणि खालून वर येणारे ठोसे लगावणे शक्य झाले. फेरीला वेळ ठरल्यामुळे घावांच्या मालिका वेगाने टाकता येऊ लागल्या. नवा खेळाडू अधिक वेगवान आणि त्याचे शस्त्रागार अधिक समृद्ध, हे खरेच. पण त्याला आपटले जाण्याची भीती नाही आणि स्वतःचा हात मोडण्याचीही फारशी नाही, हेही तितकेच खरे.

वज्रमुष्टीचे कसब या दोहोंहून निराळे आहे. उजव्या मुठीत आयुध, डावा हात मोकळा. डाव्या हाताने समोरच्याचे मनगट थोपवायचे किंवा धरायचे आणि उजव्याने क्षणात घाव घालून परत यायचे. येथे कुस्तीची पकड आणि मुठीचा प्रहार एकत्र येतात. एका ओरखड्यावर निकाल लागत असल्याने अंदाज घेण्यासाठी पहिली फेरी खर्ची घालण्याची चैन परवडत नाही. एक चूक आणि लढत संपली. म्हणून येथे आक्रमणाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व स्वतःचे मस्तक राखण्याला आहे. ज्याला आधुनिक प्रशिक्षक ‘गार्ड’ म्हणतात, तोच या विद्येचा गाभा होय.

नियम बदलले की कसब बदलते, हा धडा हौशी मुष्टियुद्धाच्या अलीकडच्या इतिहासातही मिळतो. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये रॉय जोन्स या अमेरिकन खेळाडूला उघड उघड सरस खेळूनही पराभूत ठरविण्यात आले आणि जगभर टीका झाली. त्यानंतर १९९२ पासून ऑलिम्पिकमध्ये पंचांनी बटण दाबून गुण नोंदविण्याची संगणकीय पद्धत आली. परिणाम असा झाला की खेळाडू पंचांना दिसेल असा लांबचा, सुटा ठोसा लगावून मागे सरू लागले, आणि शरीरावरचे जवळचे घाव मागे पडले. २०१३ मध्ये ती पद्धत जाऊन प्रत्येक फेरीला दहा गुणांची पद्धत आली, तेव्हा घावांच्या मालिका पुन्हा दिसू लागल्या. खेळाडू तेच, शरीरे तीच, तरी पंचांनी काय मोजावे हे बदलताच खेळ बदलला.

मराठी वाचकाला हा अनुभव कुस्तीतून चांगलाच परिचयाचा आहे. लाल मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांची तुलना गावोगावच्या पारांवर आजही चालते. मातीत चितपट होईपर्यंत झुंजता येते, गादीवर घड्याळ आणि गुण असतात. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले, ते मातीत घडलेले शरीर गादीच्या नियमांशी जुळवून घेऊनच. जुने विसरून किंवा नवे नाकारून ते पदक आले नसते.

दिसणारी इजा आणि न दिसणारी इजा

आजच्या पालकांच्या मनात येणारा पहिला प्रश्न सुरक्षिततेचा असतो, आणि तो योग्यच आहे. नख्या बांधून एकमेकांचे डोके फोडणारा खेळ रानटी आणि मऊ मोजे घालून खेळला जाणारा खेळ सुसंस्कृत, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही.

१९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन वैद्याने वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांत आढळणाऱ्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. चाल अडखळणे, बोलणे जड होणे, स्मरण मंदावणे ही त्याची लक्षणे. मोज्यांमुळे कातडी कमी फाटते, परंतु कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका मोजे थांबवू शकत नाहीत. उलट हात न दुखता डोक्यावर पुन्हा पुन्हा मारता येते. १९८४ पासून ऑलिम्पिकमध्ये डोक्याला संरक्षक टोप घालणे आवश्यक झाले होते. पुरुषांसाठी ते २०१३ मध्ये काढून टाकण्यात आले, कारण त्या टोपामुळे मेंदूची इजा कमी होते असे ठामपणे म्हणता येत नाही, असा निष्कर्ष नियामकांनी काढला. त्यावर आजही मतभेद आहेत.

म्हैसूरच्या आखाड्यात डोके भादरलेले असते. त्यामुळे रक्ताचा बारीकसा थेंबही तत्काळ नजरेस पडतो, आणि तो दिसताच लढत थांबते. जखम उथळ असते आणि ती साऱ्यांना दिसते. आधुनिक खेळात इजा आत होते आणि अनेकदा वर्षांनंतर प्रकट होते. याचा अर्थ मुलांच्या हाती नख्या द्याव्यात असा मुळीच नाही. त्याचा अर्थ इतकाच की खेळाची सुरक्षितता साधनाच्या मऊपणावर ठरत नसून, लढत वेळीच थांबविणाऱ्या पंचाच्या नजरेवर आणि त्याला मिळणाऱ्या अधिकारावर ठरते. आधुनिक हौशी मुष्टियुद्धाने पंचाला आणि वैद्याला लढत कोणत्याही क्षणी थांबविण्याचा अधिकार दिला आहे, वजनगट आणि वयोगट पाडले आहेत, वैद्यकीय तपासणी सक्तीची केली आहे. ही नव्या काळाची खरी कमाई आहे. बडोद्याच्या त्या मल्लांच्या वाट्याला असा पंच आला असता, तर रूसलेच्या पुस्तकातील ते पान वेगळे झाले असते.

तालमीतील पहिले दिवस

ज्यांनी बालपणी तालमीत पाऊल टाकले, त्यांच्या आठवणी सहसा पहिल्या कुस्तीपासून सुरू होत नाहीत. त्या सुरू होतात हौदा झाडण्यापासून, फावड्याने माती उकरण्यापासून, तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबू कालवण्यापासून. मग जोर, बैठका, जोडी, मल्लखांब. वस्तादांनी ‘आता उतर’ म्हणेपर्यंत कित्येक दिवस जात. म्हैसूरच्या गरडी मनेतही, म्हणजे तेथील तालमीतही, शिस्त हीच. दसऱ्याच्या झुंजीसाठी निवड झालेले मल्ल आधीचे कित्येक आठवडे आहार, व्यायाम आणि ब्रह्मचर्य यांचे नियम पाळतात. मिनिटाभराच्या झुंजीसाठी इतकी तयारी.

हौशी मुष्टियुद्धाच्या वर्गात गेलेल्यांच्या आठवणीही याच वळणाच्या असतात. पहिल्याच दिवशी ठोसे मारावयास मिळतील या आशेने आलेल्या मुलाच्या हाती दोरी दिली जाते. उड्या, धावणे, पावले टाकणे, पुन्हा उड्या. डावा पाय पुढे, उजवा मागे, पाय कधीही एकमेकांत गुंतू द्यावयाचे नाहीत. मग हाताला लांब पट्टी कशी गुंडाळावयाची, अंगठा कोठे ठेवावयाचा, मूठ केव्हा घट्ट आणि केव्हा सैल. मग आरशासमोर एकट्याने हवेत खेळणे, मग लोंबत्या पोत्यावर, मग प्रशिक्षकाच्या हातातील गाद्यांवर. समोर माणूस उभा राहतो तो पुष्कळ नंतर. आणि पहिला ठोसा नाकावर बसल्यावर डोळ्यांत पाणी येते, राग येतो, हात खाली येतात. तो राग गिळून हात पुन्हा गालाशी नेणे हा या विद्येतील पहिला खरा धडा. वस्ताद लाल मातीतला असो वा दोरखंडांच्या चौकटीबाहेर उभा असलेला, तो हेच शिकवितो.

भारतात हौशी मुष्टियुद्धाची राष्ट्रीय संघटना १९४९ मध्ये स्थापन झाली, आणि त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारतीय मुष्टियोद्धे उतरले होते. सैन्यदल, रेल्वे आणि पोलीसदल यांच्या आधारावर हा खेळ वाढला. महाराष्ट्रातूनही गोपाल देवांग, मनोज पिंगळे यांच्यासारखे अर्जुन पुरस्काराचे मानकरी घडले. विजेंदर सिंग यांनी २००८ मध्ये, मेरी कोम यांनी २०१२ मध्ये आणि लवलीना बोर्गोहाईं यांनी टोकियोत ऑलिम्पिक कांस्यपदक मिळविले. यांतील दोन पदके मुलींनी आणली. वज्रमुष्टीच्या आखाड्यात स्त्रीला प्रवेश नव्हता. नव्या खेळाने दार उघडले, हे त्याच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

तरीही जुन्या तालमीची विद्या अनपेक्षित वाटांनी स्त्रियांपर्यंत पोहोचली होती. म्हैसूर दरबारातील विख्यात नर्तिका जट्टी तायम्मा (१८५७–१९४७) यांचे वडील मल्ल होते, आणि ‘जट्टी’ हे त्यांच्या नावातील पद त्या घराण्याचीच खूण आहे. त्यांच्या शिष्या के. वेंकटलक्षम्मा यांनी म्हैसूर शैलीचे भरतनाट्य पुढील पिढ्यांना दिले. मल्लाच्या घरातील मुलीने अभिनयात नाव काढावे, यात कसबाचा एक धागा नक्कीच आहे. रोजचा सराव, शरीरावरचा ताबा आणि गुरूपुढची नम्रता ही दोन्ही विद्यांची सामाईक भूमी होय.

जतन कशाचे करावयाचे

बडोद्याची नखीची कुस्ती राजाश्रय आटल्यावर संपली. म्हैसूरची वज्रमुष्टी विधीचा भाग झाल्यामुळे टिकली. परंतु विधी म्हणून टिकण्याची किंमतही तिला द्यावी लागली आहे. वर्षातून एक दिवस, दोन जोड्या, काही क्षण. जेट्टी घराण्यांतील तरुण आज शिक्षण आणि नोकरी-व्यवसायात आहेत, आणि दसऱ्याच्या आधी काही आठवडे ते तालमीकडे वळतात. ज्या विद्येचा पूर्वी रोज सराव होई, तिचे असंख्य बारकावे वर्षातल्या एका झुंजीत मावणे शक्य नाही. पुस्तकात डावाचे नाव राहते, चित्र राहते. पण मनगट नेमके कोणत्या क्षणी धरावे, हे वस्तादाने हाताला धरूनच शिकवावे लागते. असा एखादा वस्ताद शिष्याविना गेला, की त्याच्याबरोबर जाते ते कोणत्याही ज्ञानकोशात सापडत नाही.

म्हणूनच जुने श्रेष्ठ की नवे, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. आधुनिक मुष्टियोद्धा वज्रमुष्टीच्या आखाड्यात उतरला तर पहिल्याच पकडीत गोंधळेल, आणि जेट्टी मल्ल मोजे घालून तीन फेऱ्या खेळला तर गुणांत मागे पडेल. प्रत्येकाने आपापल्या नियमांना उत्तर म्हणून आपले कसब घडविले आहे. घेण्यासारखे दोहोंकडेही आहे. जुन्याकडून स्वतःचे मस्तक राखण्याची सावधगिरी, महिनोन्‌महिने तयारी करून क्षणभरात थांबण्याचा संयम. नव्याकडून वजनगट, वैद्यकीय तपासणी, आणि मुलामुलींना सारखेच खुले असलेले दार.

आपल्या मुलाला वा मुलीला तालमीत किंवा मुष्टियुद्धाच्या वर्गात पाठवू इच्छिणाऱ्या पालकाने तेथे गेल्यावर किती पदके मिळाली, हे जरूर विचारावे. पण त्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी. सराव चालू असता एखाद्याला लागले, तर तेथला वस्ताद किंवा प्रशिक्षक काय करतो? जो तत्काळ हात उंचावतो आणि दोघांना वेगळे करतो, त्याच्या हाती मूल निर्धास्तपणे सोपवावे. विजयादशमीच्या सकाळी म्हैसूरच्या राजवाड्यात शतकानुशतके हेच घडत आले आहे. पंचाचा हात वर जातो, मल्ल थांबतात, एकमेकांना नमस्कार करतात, आणि मगच बाहेर हत्तीच्या पाठीवर अंबारी चढते.